बाकी ठीक

आमच्या डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत एक पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: ‘येथे ठीक म्हणू नये.’

ही पाटी रंगवून आणायला मीच गेलेले. कल्याणच्या रक्तदान शिबिराची ड्यूटी करून आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "ही पाटी करून आण." मी चिठ्ठी वाचली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि विचारायचं धाडस न झाल्यामुळे मुकाट्यानं डोंबिवली स्टेशनाजवळच्या पेंटरकडे दिली. चार दिवसांनी आणायला गेले तर पाटीवर ‘येथे थुंकू नये.’

"अहो, चिठ्ठीत काय लिहिलेलं?"

"ताई, चिठ्ठीत चुकलेलं ना," पेंटर मोठ्या उपकाराच्या सुरात म्हणाला, "मी सुधारून घेतलं. डॉक्टर लोकांचं अक्षर आम्हाला सवयीचं आहे."

डॉक्टरांनी ती पाटी फेकली नाही. जिन्यात लावून टाकली. मग दुसरी करून घेतली, ती माझ्यासमोर अक्षर अन् अक्षर वाचून दाखवून. पेंटरनं पैसे घेताना मला विचारलं, "डॉक्टर बरे आहेत ना?" मी सवयीनं म्हणाले, "ठीक आहेत."

डोंबिवली पूर्वेला वीस खाटांचं ते हॉस्पिटल. डॉक्टर सर्जन, मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, बाविसाव्या वर्षी तिथे लागले. नव्वदचं दशक संपेपर्यंत तिथेच होते. आम्ही सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचो. माझ्या त्या सगळ्या वर्षांचा हिशोब मांडायचा तर सरांनी मला किती वेळा हादरवलं एवढाच मांडता येईल. दुसऱ्या लोकांच्या साहेबांचे किस्से ऐकून हसू येतं. आमच्या सरांचे ऐकून लोक आधी दार लोटून घ्यायचे.

पाटी लागली त्या आठवड्यातली गोष्ट. एक निवृत्त हेडमास्तर पोटाच्या जुन्या ऑपरेशननंतर दाखवायला आलेले, सोबत बायको. आठवड्यापूर्वीपर्यंत सर अशा पेशंटला "काय, बाकी ठीक?" एवढंच विचारायचे, पेशंट "ठीक" म्हणायचा, सर केसपेपरवर ‘ठीक’ लिहायचे. दीड मिनिटात काम. त्या दिवशी हेडमास्तर ‘ठी’पर्यंत आले आणि सरांनी पेन्सिलीनं पाटी दाखवली.

"लघवीची धार कुठवर जाते?" सर म्हणाले. आवाज असा, की बाहेर बाकावर बसलेली माणसं गप्प झाली. "समोरच्या भिंतीवर, की स्वतःच्या पायावर?"

हेडमास्तर म्हणाले, "मी मराठी शिकवायचो."

"मग मराठीतच सांगा. आणि घरात झोपता कुठे? बायकोजवळ, की लांब?"

माझ्या हातातला ट्रे खाली पडला. हेडमास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. डोंबिवलीत तेव्हा नवरा-बायको रस्त्यानं चालतानासुद्धा चार पावलांचं अंतर ठेवायचे, आणि हा गृहस्थ भर दुपारी, उघड्या दारात, शिक्षकाला असले प्रश्न विचारत होता! संध्याकाळी मी धीर करून म्हणाले, "सर, लोक काय म्हणतील?"

"लोक ठीक म्हणतील," सर म्हणाले. "तेच मला नकोय."

सरांना वेड लागलंय असं माझं, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं आणि चहावाल्याचं एकमत झालं. वेडाला कारण मात्र कुणालाच सापडेना.

वेड कशाचं होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. तिथे कॅन्सर झाला की तो भाग कापून काढावा लागतो. त्याच्या मागून आणि दोन्ही अंगांनी काही नसा जातात, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या, पांढऱ्या, रक्तात पटकन दिसतसुद्धा नाहीत. लघवी सोडायचा हुकूम त्यांच्यातून जातो, आणि नवरा-बायकोच्या संबंधांचाही. त्या तुटल्या तर माणूस वाचतो, हिंडतो-फिरतो, कामावर जातो. पण लघवी तुंबते, आणि रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. हे कुणी कुणाला सांगत नाही. कॅन्सरमधून उठलेल्या माणसानं असली तक्रार करायची म्हणजे देवानं जीव दिला आणि हा चहात साखर कमी म्हणतो, असं लोकांना वाटायचं.

पाटी लागल्यावर सरांनी ते ऑपरेशन करणंच बंद केलं. तसले पेशंट वर्षभर मुंबईला पाठवले आणि स्वतः त्या नसांच्या मागे लागले. रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानात रांगेत उभे राहायचे, जन्मात अंडं न खाल्लेला माणूस, आणि बोकडाचा कमरेखालचा भाग अख्खा मागायचे. "तोडू नका, तसाच द्या." खाटीक विचारी, "साहेब, पाहुणे किती?" घरी गॅलरीत पाटावर तो भाग ठेवून चिमट्यानं नसा शोधत बसायचे. त्यांच्या बायकोनं शेवटी गॅलरीचं दार बाहेरून लावायला सुरुवात केली, असं शेजारी सांगायचे.

चहाच्या वेळी संत्रं सोलायचे. फोडीवरचे पांढरे दोरे एकही न तोडता अख्खे उचलायचे, बशीत ओळीनं मांडायचे आणि म्हणायचे, "आपण हेच फेकून देतो बघ." मला एकदा अख्खं संत्रं सोलायला लावलं आणि सात दोरे तुटले म्हणून चहा दिला नाही.

मग आला डबा. नस समोर दिसली तरी ती नसच आहे आणि जिवंत आहे हे कळायचं कसं? सरांनी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला गाठलं आणि त्याच्याकडून एक यंत्र बनवून घेतलं. बॅटरी, एक बटण, दोन वायरी, आणि हे सगळं बसवलेलं स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, कारण रेडिओवाल्याकडे तेवढीच वस्तू रिकामी होती. वायरीचं टोक नसेला लावून बटण दाबलं की बारीकसा झटका बसे. पेशंटच्या मूत्राशयात, म्हणजे पोटातल्या लघवीच्या पिशवीत, नळी घातलेली असायचीच, ती एका उभ्या काचेच्या नळीला जोडायची, मागे शाळकरी फूटपट्टी बांधायची, एका इंचाला आठ सूत. पाण्यात निळ्या औषधाचा थेंब टाकायचा. नस जिवंत असेल तर झटक्यानं लघवीची पिशवी आकसते आणि नळीतलं निळं पाणी वर चढतं. एवढंच ते शास्त्र.

पाणी बघायचं काम माझं. फक्त माझं. एकदा मला ताप होता म्हणून दुसऱ्या सिस्टरनं पाणी बघायची तयारी दाखवली, तर सरांनी ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकललं.

"पाणी?" सर विचारायचे.

"हललं सर. दोन सूत."

"अंदाजे?"

"अंदाजे नाही. दोन सूत."

या डब्याचा एक शत्रू होता. अॅट्रोपिन. नाडी मंद पडली की भूलवाले डॉक्टर ते इंजेक्शन देतात, आणि नाडी सुधारते. पण त्याच इंजेक्शननं लघवीची पिशवी काही तास मुकी होते, नसा धडधाकट असल्या तरी पाणी हलत नाही. म्हणून सरांची आणि भूलवाल्यांची कायमची जुंपलेली. शेवटी तह झाला: जिवावर बेतलं तरच अॅट्रोपिन द्यायचं, आणि दिलं की सिस्टरनं मोठ्यानं सांगायचं, "सर, आज पाणी मुकं." हा नियम मी इतक्या वेळा घोकलेला, की झोपेतही सांगितला असता.

मधल्या काळात सरांनी दुर्बीण आणली. पोटाला मोठी चीर न देता चार छिद्रांतून ऑपरेशन, आणि आतलं सगळं टीव्हीवर. आधी पित्ताशयं केली, मग पुष्कळ वर्षांनी, पुष्कळ बोकडांनंतर, गुदाशयापर्यंत धीर आला. टीव्ही आला त्या दिवशी आमच्या मावशींनी विचारलं, "सिरियल पन लागते काय?" सर म्हणाले, "लागते. रोज वेगळ्या माणसाच्या पोटातली."

माझे वडीलही सरांचेच पेशंट. तेही याच आजाराचे, पण दुर्बीण, डबा, पाटी या सगळ्यांच्या आधीचे. मी कामाला लागल्यावर दोन वर्षांनी सरांनी त्यांचं ऑपरेशन केलं, जुन्या पद्धतीनं, पोट उघडून. कॅन्सर समूळ गेला. शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावावी लागली नाही म्हणून आईनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले. बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते, तीन महिन्यांत पुन्हा कामावर हजर. मला सरांचा केवढा अभिमान वाटला! ऑपरेशनच्या वेळी मी स्वतः हत्यारं देत होते.

बाबा पूर्वीपासून अबोल. ऑपरेशननंतर जरा जास्त. दोन खोल्यांचं घर आमचं. आई उन्हाळ्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात झोपायला लागली आणि थंडीतही तिथेच राहिली. आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास यायचं, आणि नेमके तेव्हाच बाबा मोरीत नळ सोडून अर्धा अर्धा तास. एक तांब्या जास्त सांडला तर मला फाडून खाणारी आई बाबांना त्याबद्दल चकार शब्द बोलायची नाही. माळ्यावर एक लहान अॅल्युमिनियमचं पातेलं असायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. सोवळ्याचं असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. घरोघरी मातीच्या चुली, त्यात विचारायचं काय?

सर दर सोमवारी हात धुता धुता मला विचारायचे, "बाबा कसे आहेत?"

"ठीक आहेत सर."

सर ओला हात वर करून पाटीच्या दिशेला दाखवायचे. मध्ये दोन भिंती असल्या तरी. मी हसायची. वर्षानुवर्षं दर सोमवारी हा विनोद, आणि दर सोमवारी मी हसायची.

काशिनाथ आला तेव्हा माझी तेरा-चौदा वर्षं झालेली. बाळकुमचा कोळी, वय चौतीस, आता होडीवर जात नव्हता, एका कारखान्यात क्रेन चालवायचा. बरोबर आई आणि बायको. बायकोचं नाव चंद्रा. ठसठशीत कुंकू, कमरेला खोचलेला पदर, आणि नजर सरळ समोरच्याच्या डोळ्यात. सरांनी नेहमीप्रमाणे सगळं उघडं करून सांगितलं: गाठ कुठे आहे, नसा कुठे आहेत, काय वाचेल, काय जाऊ शकेल.

सासू म्हणाली, "डाक्तर, जीव वाचला म्हंजे झाला. बाकी ठीक."

"आजी, वाचता येतं?"

"नाय."

"त्या पाटीवर लिहिलंय, सून काय बोलते ते ऐका."

चंद्रा क्षणभरही घुटमळली नाही. "डाक्तर, आमचा लगीन होऊन दोन वरसां जाली. पोर नाय अजून. मना नवरा पायजे, नुसता फोटू नको. न फोटूला हार बी नको. दोनी सांबालून करा."

"गप गो! लाज हाय का?" सासू म्हणाली. काशिनाथनं मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली. मी लाल झाले. सर मात्र उभे राहिले, आणि सर कुणासाठी उभे राहत नसत. म्हणाले, "कॅन्सर जाईल हे पहिलं. त्यात तडजोड नाही. त्यानंतर एकेक नस मोजून ठेवीन. एखादी काढावी लागली तर लपवणार नाही."

ऑपरेशनच्या दिवशी पोटात हवा भरली आणि काशिनाथची नाडी धपकन उतरली. साठ, पन्नास, अडतीस. मशीनचा आवाज लांब लांब पडायला लागला. भूलवाल्यांनी माझ्याकडे नुसता हात पुढे केला. मी अॅट्रोपिन फोडून दिलं, त्यांनी मारलं, आणि आम्ही दोघं आकड्याकडे बघत राहिलो; सरांचं लक्ष हवेच्या नळीकडे. पंचेचाळीस. साठ. ऐंशी. तेवढ्यात दुर्बिणीच्या काचेवर धुकं आलं, सर ओरडले, मी कोमट पाण्याला धावले. पुढे नेहमीसारखं सगळं सुरू झालं. मी फूटपट्टी बांधली, निळ्या पाण्याच्या रेषेवर पेन्सिलची खूण केली आणि उभी राहिले. एक वाक्य बोलायचं राहिलं, ते मला आठवलंसुद्धा नाही.

अडीच तासांनी सरांनी डबा मागवला. टीव्हीवर उजव्या अंगाची नस स्वच्छ दिसत होती, ओल्या सुतासारखी. तिला टोक लावलं.

"पाणी?"

"नाही सर."

"पुन्हा. पाणी?"

"नाही हललं."

डावीकडे लावलं. करंट वाढवला. पाणी माझ्या पेन्सिलच्या खुणेवर गोठल्यासारखं. सरांनी हत्यारं बाहेर काढली आणि स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत ऑपरेशनच्या मध्ये ते बसलेले मी पाहिले नव्हते. मास्कच्या वर त्यांचे डोळे बघवेनात.

"गेल्या," ते म्हणाले. "दोन्हीकडच्या गेल्या. कुठेतरी वरच तोडल्या मी." मग स्वतःशीच, "पुन्हा तेच केलं."

‘पुन्हा’ म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं नाही. ते उठले आणि म्हणाले, "पोट उघडू या. कुठे तोडल्या ते मला बघायचंय." मोठी सुरी द्यायला मी ट्रेकडे वळले, आणि कडेला, कापसाखाली, इंजेक्शनच्या कुपीची फुटलेली काचेची मान दिसली. मीच फोडलेली.

"सर," मी म्हणाले, "अॅट्रोपिन. नाडी पडली तेव्हा. मी दिलं... मी सांगितलं नाही."

भूलवाल्यांच्याही ते लक्षातून गेलेलं. भूलवाले डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग सरांकडे. मला वाटलं आता हत्यार अंगावर येणार. माझ्या एका न बोललेल्या वाक्यापायी त्या माणसाचं पोट बेंबीपासून खाली चिरलं जाणार होतं. मला रडू फुटलं, आणि थिएटरमध्ये रडायचं नसतं.

सरांनी त्या निळ्या पाण्याकडे पाहिलं. "म्हणजे आज पाणीपण खरं सांगणार नाही," ते म्हणाले. "सुरी ठेव. डबा बंद कर. इकडे येऊन टीव्हीसमोर उभी राहा. पांढरा दोरा दिसला की ओरडायचं. लाजायचं नाही."

पुढचे चार तास मी ओरडत होते. "सर, डावीकडे!" "सर, खाली एक!" सर संत्र्यासारखं सोलत गेले. उजवीकडचे सगळे दोरे राहिले. डावीकडे एका ठिकाणी गाठ नसेला चिकटलेली. सर थांबले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डावीकडची एक घेतोय. मुद्दाम घेतोय. लिहून ठेवा." आणि बाहेर जाऊन चंद्राला शब्दन् शब्द तेच सांगितलं. मीही होते सोबत. पाणी मुकं झालं ते कुणामुळे, हे मी सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी आधीच सांगितलं, "आमच्याकडून एक चूक झाली, त्यामुळे उरलेल्या जिवंत आहेत का ते आज कळणार नाही. त्यालाच विचारायला लागेल."

सातव्या दिवशी लघवीची नळी काढली. लघवी झाली नाही. पुन्हा घातली. मी घरी जेवू शकले नाही. दहाव्या दिवशी पुन्हा काढली आणि काशिनाथ संडासात गेला, तर आमचे सर, अर्ध्या डोंबिवलीचे नावाजलेले सर्जन, संडासाच्या दाराला कान लावून उभे! येणारी-जाणारी माणसं बघत होती. त्यांनी मलाही हातानं बोलावून दुसऱ्या बाजूला कान लावायला लावला. पाच मिनिटं गेली. मग आतून आवाज आला, आधी तुटक, मग सलग.

"भिंतीपर्यंत?" सर दाराबाहेरून ओरडले.

आतून आवाज आला, "अर्ध्यापत्तूर!"

चार महिन्यांनी चंद्रा एकटीच आली. सर ऑपरेशनमध्ये होते, म्हणून माझ्यासमोर बसली.

"सिस्टर, तुमची पाटी माज्या ध्यानात हाय. मी ठीक नाय बोलनार. पयले दोन म्हयने कायच नवता. मी इचारला तं बोलायचा, ठीक हाय. वट्यावर जाऊन झोपायचा, बोलायचा आत गरम होतंय. न मोरीन जायचा तं नल सोरून बसायचा, अर्धा-अर्धा तास! आमचे घरान पानी किती येतं? न हा नल सोरून!"

"नळ कशाला?" मी विचारलं.

"आवाज, सिस्टर. येतो का नाय येत, कोनाला कलू नये." ती हसली. "मंग एक दिवस मीच दार ठोकला. बोलले, उघर. नल बंद कर न सांग मना काय ता. लय रडला. मंग बोलला. आता हाय, सिस्टर. पयल्यासारखा नाय, पन हाय. लिवा तुमचे वयीन."

मी पेशंटची उत्तरं लिहायची वही पुढे ओढली. पेन हातात धरलं. लिहिता येईना. कानात नळाचा आवाज सुरू झालेला, बाळकुमच्या घरातला नव्हे, माझ्या घरातला. बारा वर्षांचा. चंद्रानं विचारलं, "काय जाला, सिस्टर?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही. ठीक आहे."

घरी गेले तेव्हा आई गवार मोडत होती. मी चप्पल न काढता विचारलं, "आई, तू स्वयंपाकघरात का झोपतेस?"

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "बारा वर्षांनी विचारतेस होय," ती म्हणाली. मग माळ्याकडे मान करून, "ते पातेलं काढ खाली. त्यात मी नळी उकळते. तू ड्यूटीवर गेलीस की. दाढीच्या डब्यात ठेवतात ते. आपणहून होत नाही त्यांना, पहिल्या दिवसापासून. बाकीचं तर... ते संपलंच."

मी जमिनीवर बसले. मी नर्स! दिवसाला दहा माणसांच्या नळ्या बघणारी. आणि माझ्याच घरात, माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर.

"नळी कुणी दिली?"

"तुझ्या डॉक्टरांनी. तू कल्याणला त्या रक्तदानाला गेलेलीस ना, त्या दिवशी मी एकटी गेले त्यांच्याकडे. यांनी तर त्यांनाही वर्षभर ठीकच सांगितलेलं. मी सगळं सांगून टाकलं. तो माणूस रडला गं माझ्यासमोर, लहान मुलासारखा. मी त्यांना शपथ घातली, पोरीला सांगू नका. तुझं लग्न जमवायचं होतं तेव्हा, जमलं नाही ते वेगळं. आणि आपला बाप असा आहे हे पोरीला कशाला..." तिनं गवार बाजूला सारली. "दुसऱ्या दिवशी तू कसलीशी पाटी आणायला गेलीस."

मी रात्र कशी काढली ते सांगत नाही. सकाळी सरांच्या खोलीत शिरले आणि दार आपटून लावलं. "सर, तुम्हाला अकरा वर्षं माहीत होतं!"

सरांनी संत्रं खाली ठेवलं. मला वाटलं काहीतरी तिरकस बोलतील. "त्या नसा माझ्या हातून गेल्या," ते म्हणाले. "दिसल्याच नाहीत. खरं म्हणजे मी शोधल्याच नव्हत्या. टाके सुरेख आले म्हणून खूश होतो. तूही होतीस."

"मला एकदा तरी सांगायचंत."

"शपथ होती. पण विचारायला बंदी नव्हती. दर सोमवारी मी काय विचारायचो तुला?"

ते पाटी दाखवतील म्हणून मी खाली बघत राहिले. त्यांनी हातही उचलला नाही. नुसतं म्हणाले, "मला कशाला विचारतेस? घरी जा. आज पाणी बघायचं नाहीये."

बाबा निवृत्त झालेले. गॅलरीत खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले, नेहमीसारखे. त्या वेळेला मी दारात दिसले म्हणून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी समोरच्या कट्ट्यावर बसले. आई आतून ऐकत होती, भांडी वाजायची थांबली.

"बाबा, कसे आहात?"

"ठीक."

"आमच्याकडे असं म्हणायला बंदी आहे," मी म्हणाले. "पाटी मीच रंगवून आणलीय."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग दाराकडे, जिथे आई नव्हती पण होती. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा एक घातली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला.

"आईनं सांगितलं?"

"हो. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय."

खाली कुणाचा तरी नळ वाहत होता. बाबांनी तो बंद होईपर्यंत वाट पाहिली.

"मग चप्पल काढून नीट बस," ते म्हणाले. "वेळ लागेल."